नेमो आपला, मग नाना कुणाचा?

ज्यूल व्हर्नची सगळ्यात चांगली कादंबरी कोणती, या प्रश्नावर आमच्या घरात दोन पक्ष आहेत आणि पावसाळ्यात दोन्ही पक्षांना जोर चढतो. श्रीवर्धनला जून-जुलैत दुसरं करण्यासारखं फारसं नसतंच. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद, होड्या वर ओढून ताडपत्रीखाली झाकलेल्या, वाड्यांत घोटाभर पाणी आणि वीज तिच्या मर्जीची. एका पक्षात आत्या. तिनं गावच्या वाचनालयात उभी हयात घालवली. दुसऱ्या पक्षात दादा. तो मर्चंट नेव्हीत सेकंड इंजिनिअर आहे, निम्मं वर्ष बोटीवर असतो आणि उरलेलं ओटीवर. मी तिऱ्हाईत. पण तिऱ्हाईतालाही तोंड असतं, ते मी अधूनमधून उघडणार आहे.

यंदा वादाला निमित्त मिळालं. नववीच्या मुलांना वाचायला व्हर्नचं एक पुस्तक सुचवा, असा एका शाळेतून आत्याला निरोप आला. एकच.

"एकच ना? मग 'समुद्रसैतान'," चहाचा कप खाली ठेवायच्या आत दादानं निकाल लावला. "भा. रा. भागवतांनी मराठीत आणलेलं 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'. कॅप्टन नेमो, त्याची पाणबुडी नॉटिलस, संपला विषय."

"अरे, सुरू तरी होऊ दे. तू ते वाचलंस कधी?"

"पाचवी-सहावीत. तूच आणून दिलं होतंस. नंतर इंग्रजीतूनही वाचलं, बोटीवर. पण भागवतांचा नेमो तो नेमो. तो मराठीतच बोलतो असं वाटायचं मला."

"तेच तर. तुला भागवत आवडतात, व्हर्न नव्हे."

"दोघांत भांडण कशाला लावतेस? फास्टर फेणे लिहिणारा माणूस आहे तो. मुलाचं लक्ष कुठं उडतं आणि कुठं चिकटतं, हे त्याला बरोबर कळायचं. 'चंद्रावर स्वारी', 'मुक्काम शेंडेनक्षत्र', 'पाताळलोकची अद्भुत यात्रा', ही नावं नुसती वाच. फणसाच्या घमघमाटासारखी आहेत, आत काय आहे ते सांगायला लागत नाही."

आत्या असल्या ठिकाणी वाचनालयाचं रजिस्टर उघडते. भागवतांच्या कितीतरी आधी, १९०० साली, 'केरळकोकिळ' मासिकात व्हर्नच्या चंद्रावरच्या कादंबरीचा अनुवाद 'चंद्रलोकची सफर' या नावानं क्रमशः येऊ लागला होता, हे तिनं ऐकवलं. तेव्हा व्हर्न आमिआँ गावात हयात होता. तो १९०५ साली वारला. म्हणजे मराठी वाचक त्याला त्याच्या हयातीतच ओळखत होता. श्री. बा. रानड्यांची 'तारेचे हास्य' ही कथा 'मासिक मनोरंजन'मध्ये आली ती १९१५ मध्ये. मराठी विज्ञानकथेची पंगत मांडायची तर पहिलं पान या फ्रेंच माणसाचं, असं तिचं म्हणणं. दादाला हे मान्य आहे. त्याचा मुद्दा निराळाच.

"लोकांना वाटतं व्हर्ननं पाणबुडी ओळखली, चंद्र ओळखला, म्हणून तो मोठा. काय ज्योतिषी आहे का तो? मला तो आवडतो कारण तो हिशोब देतो. नॉटिलस विजेवर चालते हे सगळ्यांना माहीत असतं. पण वीज येते कुठून? समुद्राच्या पाण्यातून सोडियम काढायचं आणि ते बॅटऱ्यांत वापरायचं. बरं, सोडियम काढायला उष्णता लागते, ती कुठून आणायची? तर समुद्राखालच्या खाणीतला दगडी कोळसा. एका विझलेल्या ज्वालामुखीच्या पोटात बोट दडवायची आणि नेमोच्या माणसांनी पाणबुड्याचा पोशाख चढवून तो खणून काढायचा. म्हणजे ही सगळी विजेची ऐट शेवटी कोळशावरच! हे लिहायला इंजिनरूमचा घाम कळावा लागतो. इंधन कुठून येतं ते लपवून जगातलं कुठलंही जहाज चालत नाही."

"आणि ते वीस हजार लीग," तो थांबायला तयार नव्हता. "निम्म्या लोकांना ती खोली वाटते. लीग चार किलोमीटरची धर. ऐंशी हजार किलोमीटर होतात. पृथ्वीचा व्यासच पावणेतेरा हजारांच्या आसपास आहे, मग एवढं खोल जाऊन निघणार कुठं, आकाशात? ते पाण्याखालून कापलेलं अंतर आहे. पृथ्वीला दोन वेढे. त्यातला एक तुकडा तर आपल्या समोरचा. सिलोनवरून लक्षद्वीपच्या बाजूनं वर येतात आणि अरबी समुद्रातून थेट ओमानच्या आखाताकडे निघतात. कोकणाला बगल देऊन."

"बघ, तिथंही आपण राहिलोच," आत्या म्हणाली.

मग त्यानं बर्फाचं प्रकरण काढलं. ते तो दर वेळी काढतो, आणि खरं सांगायचं तर मलाही ते ऐकायला आवडतं. दक्षिण ध्रुवाजवळ नॉटिलस चारी बाजूंनी बर्फात कोंडली जाते. हवा संपत येते. खालचा बर्फ कुदळींनी फोडायला घेतात, तर भोवतीचं पाणीच गोठत बोटीला आवळायला लागतं. तेव्हा नेमो उकळतं पाणी बाहेर सोडत राहतो, पाण्याचा पारा सहा अंशांनी वर चढवतो आणि गोठणं थांबवतो. "सहा अंश, बस्स," दादा म्हणतो. "चमत्कार नाही, तोफ नाही, देव नाही. गरम पाणी."

आत्या इतका वेळ सुपारी कातरत होती. अडकित्ता खाली ठेवून तिनं विचारलं, "शेवटी तो लढाऊ जहाज बुडवतो, तेव्हा तू कुणाच्या बाजूला असतोस?"

"नेमोच्या."

"का? त्या जहाजावर माणसं नव्हती?"

"होती. पण ह्याचं कुणीतरी सगळं हिरावून घेतलंय. बायको आणि दोन मुलांच्या तसबिरीपुढे गुडघे टेकून रडतो तो."

"कुणी हिरावलं?"

"ते पुस्तकात नाही. आणि नाही तेच बरं आहे. कुठल्याही देशाचा असेल. कोळ्याच्या पोरालाही तो आपला वाटेल आणि नॉर्वेच्या पोरालाही."

"तुला वाटतं व्हर्ननं ते कलेसाठी झाकून ठेवलं. त्याच्या प्रकाशकानं झाकायला लावलं, बाबा."

ही हकिकत आत्याच्या तोंडून ऐकावी. व्हर्नच्या मनातला नेमो पोलिश होता. १८६३ साली पोलंडमध्ये रशियाविरुद्ध उठाव झाला, तो चिरडला गेला. त्यात बायकामुलं गमावलेला एक सरदार रशियन जहाजं शोधून बुडवतो, असा बेत होता. पण एत्झेल हा प्रकाशक व्यवहारी. रशियात पुस्तकं खपत होती, फ्रान्सला रशिया दुखवायचा नव्हता. नको म्हणाला. बरीच पत्रापत्री झाली आणि शेवटी नेमोचा देशच पुसला गेला. १८७० मध्ये पुस्तक पुरं झालं, त्यात सूड आहे आणि सुडाचं कारण नाही.

"म्हणजे तुझ्या त्या गूढतेचा जनक रशियाचा बाजार," आत्या म्हणाली.

दादा क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, "असेना. नोझल फुटलं म्हणून नवा शोध लागला, तरी शोध तो शोधच. एत्झेलच्या भीतीनं पुस्तक सुधारलं, असं म्हणेन मी."

इथं माझा कल दादाकडे होता. प्रकाशकाची भीती आणि चांगलं वाङ्मय यांचं नातं आपल्याला वाटतं तितकं वाकडं नसतं.

पण आत्याला जायचं होतं पुढच्या पुस्तकाकडे. 'मिस्टीरियस आयलंड'. अमेरिकन यादवीत रिचमंडला कैदेत पडलेले पाच जण मार्च १८६५ मध्ये फुग्यातून पळतात आणि प्रशांत महासागरातल्या एका निर्जन बेटावर जाऊन आदळतात. हातात जवळजवळ काही नाही. दोन घड्याळांच्या काचा जोडून, मधे पाणी भरून, कडा मातीनं लिंपून त्यांचा इंजिनिअर सायरस स्मिथ भिंग करतो आणि विस्तव पेटवतो. पुढे विटा, मग लोखंड, मग नायट्रोग्लिसरीन, मग तारायंत्र. सगळं मागच्या पायरीवर पाय ठेवून.

"इंजिनिअर तू, आणि इंजिनिअरची कादंबरी मात्र मला आवडते," आत्या म्हणाली.

तिनं ती दुसऱ्यांदा वाचली निसर्ग वादळानंतर. ३ जून २०२० चा तो दिवस या किनाऱ्यावर कुणी विसरलेलं नाही. दिवेआगर, श्रीवर्धन, मुरूड, वाड्याच्या वाड्या झोपल्या. पोफळी मधूनच पिळवटून मोडल्या होत्या. वीज कित्येक आठवडे नव्हती. भिजलेली पुस्तकं आत्यानं घरी आणली आणि पडवीत पसरली. चिकटलेली पानं सोडवायला सुरी चालत नाही, कागद फाटतो. तिनं पोफळीच्या विरीची बोटभर रुंद, पातळ पट्टी कापून घेतली होती. ती कोपऱ्यातून हलकेच आत सारायची, पान फुगलं की फुंकर मारायची, मग पुढचं पान. असं दिवसभर, आणि रात्री कंदिलाशी हे बेट.

"त्यात गव्हाचा दाणा आहे," तिनं सांगितलं. "त्या पोराच्या, हर्बर्टच्या, जाकिटाच्या अस्तरात गव्हाचा एक दाणा सापडतो. एकच. खलाशी हसतो. स्मिथ म्हणतो, थांब, हिशोब कर. एका दाण्याला दहा लोंब्या, लोंबीला ऐंशी दाणे, म्हणजे आठशे. ते पेरले की सहा लाख चाळीस हजार. त्याच्यापुढच्या पिकाला एक्कावन्न कोटी वीस लाख. बाहेर बघितलं की आडव्या पडलेल्या पोफळी दिसायच्या, आणि मी ते पान परत परत वाचत होते. गव्हाचं सोपं आहे म्हणा. नवी पोफळ लावली तर फळ धरायला सहा-सात वर्षं."

दादाजवळ याला उत्तर नव्हतं; तो त्या महिन्यात समुद्रावर होता. म्हणून त्यानं दुसरीकडून हल्ला केला.

"आत्या, ते बेट मला फार सोयीचं वाटतं. लोखंड हाताशी, कोळसा हाताशी, गंधक हाताशी. स्मिथसाहेबांचं काही म्हणून बिघडत नाही. असा चीफ इंजिनिअर मला अजून भेटलेला नाही. भेटला तर मी राजीनामा देईन. आणि जिथं साहेबांचं चालत नाही तिथं गुपचूप नेमो. हत्यारांनी भरलेली पेटी किनाऱ्याला लागते, पोराला हिवताप चढतो तर उशाशी क्विनाईन येऊन पडतं. ज्या माणसानं अख्ख्या जगाला पाठ दाखवली, त्याला व्हर्ननं बेटाचा स्टोअरकीपर करून ठेवला!"

हे वाक्य मी लिहून ठेवलं आहे.

"स्टोअरकीपर? मरताना तो आपली कहाणी सांगतो, ती वाचलीस ना?" आत्याचा आवाज चढला. "तो प्रिन्स डक्कार. बुंदेलखंडच्या राजाचा मुलगा. युरोपात शिकला, परत आला, आणि सत्तावन्नच्या उठावात उतरला. वीस लढायांत दहा जखमा. आईबाप, बायको, मुलं सगळी गेली. मग त्यानं समुद्र धरला. म्हणजे तुझा तो तसबिरीपुढे रडणारा माणूस सत्तावन्नचा आहे. आणि आधीच्या पुस्तकातही खूण आहेच. सिलोनला मोती काढणाऱ्या गरीब बुड्याला शार्कपासून वाचवतो, मोत्यांची थैली देतो, आणि वर म्हणतो की मी त्या पिचलेल्यांच्याच देशाचा. ते तू वाचलंस, पण त्याच्यावरून घसरून गेलास."

"घसरलो कारण ते 'आपण पिचलेल्यांच्या बाजूचे' असं वाटलं मला. आणि डक्कारची कुंडली बघ ना जरा. म्हणे टिपू सुलतानाचा पुतण्या. टिपू १७९९ ला गेला, म्हैसूरकडचा. हा बुंदेलखंडचा. नातं जुळवलं कुणी? तारखांचाही घोळ. पहिल्या पुस्तकात नॉटिलसची सफर १८६७-६८ ची. दुसऱ्यात नेमो मरतो तोही १८६८ मध्ये, पण म्हातारा होऊन, आणि ती सफर म्हणे सोळा वर्षांपूर्वीची. मी असं लॉगबुक लिहिलं तर मला बोटीवरून उतरवतील."

घोळ खराच आहे. व्हर्नला हिंदुस्थानातला एकच प्रदेश पाठ होता की काय, अशी शंका मलाही येते. 'ऐंशी दिवसां'तली औदा, जिला सती जाण्यापासून वाचवतात, तीही बुंदेलखंडच्याच राजाची विधवा. आणि माहेरची पारशी! तो माणूस इकडे कधी आलाच नाही. नकाशे आणि लोकांची प्रवासवर्णनं यांच्यावर त्याची सगळी भिस्त. तरीही माझी आवडती तीच, 'ऐंशी दिवसांत' जग फिरायची. दोघांनाही ती उथळ वाटते. मला तिच्यात निदान रायगड जिल्हा सापडतो. तिचा नायक फिलिअस फॉग २० ऑक्टोबरला मुंबईला उतरतो आणि बंदरापासून जवळ असलेली घारापुरीची लेणी बघायचीही तसदी घेत नाही. घारापुरी आज उरण तालुक्यात. संध्याकाळी स्टेशनवर ससा म्हणून पुढ्यात आलेलं मांजर खातो आणि आठच्या गाडीत बसतो. कल्याणला एक फाटा खंडाळा-पुण्याकडे जातो, म्हणजे आपल्या कर्जतवरून. गाडी त्या फाट्याला लागत नाही. जिल्ह्याला दोनदा हुलकावणी. वर ती हत्तीची लबाडी. मुंबई-कलकत्ता लोहमार्ग जबलपूरला मार्च १८७० मध्येच जोडला गेला होता. व्हर्ननं १८७२ मध्ये त्यात पन्नास मैलांचं खिंडार ठेवलं, कारण त्याला हत्ती हवा होता. मला त्या लबाडीबद्दल त्याचं कौतुकच वाटतं.

"हत्ती म्हणालीस ते बरं केलंस," आत्या म्हणाली, आणि तिचं खरं पुस्तक बाहेर आलं. 'मिस्टीरियस आयलंड' हा नुसता पायघड्यांचा भाग होता.

'द स्टीम हाउस'. १८८० ची कादंबरी. आवडत्या व्हर्नच्या कुठल्याही यादीत ती बहुधा नसते. वाफेवर चालणारा पोलादी हत्ती चाकांवरची दोन घरं ओढत कलकत्त्याहून हिमालयाकडे निघतो. आत कर्नल मन्रो आणि मित्रमंडळी. मन्रोची बायको कानपूरच्या कत्तलीत गेली असं तो धरून चालला आहे, आणि तो ज्याच्या मागावर आहे तो नानासाहेब पेशवा.

"सुरुवात कुठं होते ठाऊक आहे? औरंगाबादेत. ६ मार्च १८६७ ला भिंतीवर जाहीरनामा लागतो. धोंडोपंत ऊर्फ नानासाहेबाला पकडून देईल त्याला दोन हजार पौंड. मग नाना वेरूळच्या लेण्यांत. आपल्या मुलखात सुरू होणारी व्हर्नची कादंबरी, आणि आपल्याला पत्ता नाही. बरं, नाना कुठला? कर्जतजवळच्या वेणगावच्या भटांचा मुलगा. दुसऱ्या बाजीरावानं १८२७ ला बिठूरला दत्तक घेतला. आणि पेशव्यांचे मूळ भट कुठले? या गावचे. बाळाजी विश्वनाथ इथूनच निघाला. म्हणजे व्हर्नच्या एका कादंबरीचा खलनायक रक्तानं आणि दत्तकानं, दोन्हीकडून रायगडचा."

"मग तेच म्हणतो मी," दादा म्हणाला. "नववीतल्या पोरांना, श्रीवर्धनच्या पोरांना, नानासाहेब खलनायक असलेलं पुस्तक देणार?"

"का नको? तोच लेखक, तेच सत्तावन्न. मधे पाच वर्षं. एकाला त्यानं असा रंगवलाय की जगातल्या पोरांनी त्याच्यावर जीव टाकावा. नसीरुद्दीन शाहनंसुद्धा नेमो केला २००३ च्या सिनेमात, आपण टाळ्या पिटल्या. दुसऱ्याला त्यानं क्रूर पशू केला. दोघांचंही घरदार गेलेलं, दोघांचाही वैरी इंग्रज. मग फरक काय?"

"फरक कानपूरच्या बीबीघराचा आहे, आत्या." दादा हे हळू म्हणाला. "जुलै १८५७. दोनशेच्या आसपास बायकामुलं. ती मेली हे खोटं नाही ना?"

"नाही. हुकूम कुणाचा यावर वाद आहे, पण ती मेली, आणि नानाच्या ताब्यात असताना मेली. ते मी झाकत नाही. व्हर्नही एकतर्फी नाही तसा. इंग्रजांनी नंतर उगवलेले सूड, तोफेच्या तोंडी दिलेली माणसं, तेही त्यानं लिहिलंय. माझं म्हणणं एवढंच की तुझ्या नेमोनं बुडवलेल्या जहाजावरच्यांची नावं व्हर्ननं आपल्याला कळू दिली नाहीत, म्हणून तो आपल्याला आवडतो."

मला यात थोडी भर घालावीशी वाटते. व्हर्नला बंडखोर आवडतो, पण तो एकटा असावा, श्रीमंत असावा, त्याच्याकडे बारा हजार पुस्तकं आणि एक ऑर्गन असावा, त्यानं फ्रेंच बोलावं आणि शक्यतो पाण्याखाली राहावं. तोच बंडखोर हजारो शिपाई घेऊन जमिनीवर उभा राहिला की व्हर्न कर्नलच्या गाडीत जाऊन बसतो. आपणही काही निराळे नाही. 'समुद्रसैतान'ची पानं झिजवतो आणि 'स्टीम हाउस'चं नाव ऐकलेलं नसतं.

दादाला हे पटलं नाही. "तुम्ही दोघी त्या माणसाला कोर्टात उभा करताय. तो पोरांसाठी गोष्टी लिहीत होता."

"गोष्टी इंग्रजांनाही नुसत्या गोष्टी वाटल्या नाहीत, बरं का," आत्या म्हणाली. "१८७५ मध्ये किंग्स्टनच्या नावावर 'मिस्टीरियस आयलंड'चा इंग्रजी अनुवाद निघाला. त्यात नेमोची हीच शेवटची कहाणी बदललेली आहे. इंग्रजांच्या जुलमाबद्दलची धार काढून टाकली. 'ट्वेंटी थाउजंड लीग्ज'च्या पहिल्या इंग्रजी अनुवादात तर सुमारे पाचवा हिस्सा गाळलेला. पिढ्यान् पिढ्या तेच खपत होतं. आपल्याकडे व्हर्न बराचसा इंग्रजीच्याच वाटेनं आला. मग डक्कारचा संताप आपल्यापर्यंत किती पोचणार?"

यावर दादा प्रथमच पुढे सरकून बसला. हिशोबातून काहीतरी वगळलं गेलंय म्हटल्यावर त्याला राहवत नाही.

"आणि अजून एक," आत्या म्हणाली. "१८७४ साली तिकडे 'मिस्टीरियस आयलंड' क्रमशः सुरू झाली. त्याच साली इकडे ग्वाल्हेरला शिंद्यांनी एका माणसाला नानासाहेब म्हणून धरून इंग्रजांच्या हवाली केला. चौकशी झाली, ओळखणारे आणले, आणि तो नाना नव्हे असं ठरलं. सतरा वर्षं झाली होती उठावाला, तरी नाना मेला की आहे हे कुणाला कळत नव्हतं. नेपाळच्या तराईत शिरला तो शिरलाच. नाव पुसलेला, पत्ता नसलेला, कुणालाही कुठंही दिसणारा माणूस. आता सांग, खरा नेमो कोण?"

"हे तू मुलांना सांग ना. त्यासाठी 'स्टीम हाउस' कशाला वाचायला लावतेस? चारशे पानं आहेत, निम्मी वाघांच्या शिकारीत जातात."

इथं आत्या निरुत्तर झाली. शिकारीची प्रकरणं कंटाळवाणी आहेत हे तिलाही मान्य आहे; कादंबरी म्हणून 'स्टीम हाउस' विसविशीत आहे, हत्ती सोडला तर तिच्यात कुणी लक्षात राहत नाही. चांगलं पुस्तक आणि वाचायला हवं असं पुस्तक यांत अंतर असतं, आणि शाळेनं कुठलं मागितलं होतं हे निरोपात नव्हतं. तिनं कागद घेतला आणि 'समुद्रसैतान' असं लिहिलं. वाचनालयात प्रती त्याच्याच आहेत. खाली तिनं शाळेतल्या बाईंसाठी चार ओळी घातल्या: मुलांचं वाचून झालं की नेमो पुढे कोण निघाला ते सांगावं, आणि मग नाना.

दादा जिंकला होता, पण त्याचा चेहरा जिंकलेल्याचा नव्हता.

"नाना मरतो कसा त्यात?"

"त्याला धरून हत्तीवर बांधतात, आणि हत्तीचा बॉयलर फुटतो."

"बॉयलर फुटतो म्हणजे? आपोआप? सेफ्टी व्हॉल्व्ह होता ना?"

"मला काय विचारतोस?"

"नाही, दोन घरं ओढायची, चढ चढायचे, नदीतून तरंगत जायचं, एवढ्या सगळ्याला वाफ किती लागेल? आणि पाणी कुठं भरतात? जंगलात कोळसा मिळणार नाही, म्हणजे लाकूड. मग दिवसाला लाकूड किती?"

आत्या आत गेली आणि 'स्टीम हाउस' आणून त्याच्या पुढ्यात टाकलं.

"ते तूच वाचून मला सांग. आणि पानं दुमडू नकोस."